साथीला कोण होतं?

“वहिनी, कालच्या कार्यक्रमाला होतात ना तुम्ही? मग सांगा, त्या निवेदिकेचे कान धरावेत की नाही?”

अण्णांनी चहाचा कप कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. म्हणजे विषय लांबणार. मी कढीपत्ता तोडत होते, ती तोडतच राहिले.

“का हो? चांगली बोलली की. पंचमची, म्हणजे आपल्या आर. डी. बर्मनची, सगळी माहिती तोंडपाठ होती तिला.”

“पंचमची होती! जन्म १९३९, पहिला चित्रपट १९६१चा ‘छोटे नवाब’, गेला ४ जानेवारी १९९४ला. गीतकार सांगितला, गायिका सांगितली, पडद्यावर कोण नाचलं तेही सांगितलं. आणि वादकांची वेळ आली तेव्हा? ‘साथीला आपले सर्व वादक’. संपलं! तीन तास घाम गाळणारी माणसं चार शब्दांत गुंडाळली.”

आतून माईंचा आवाज आला, “अगं, त्यातला तो गिटारवाला यांच्या मित्राचा भाचा आहे. त्याचं नाव राहिलं म्हणून रात्रभर कुरकुर चाललीय.”

“भाच्याचा काय संबंध?” अण्णा उखडले. “मी तत्त्वाचं बोलतोय. पंचम पंचम म्हणून आपण नाचतो, पण त्या गाण्यांतलं पंचमचं किती आणि पोरांचं किती? वहिनी, मला विचाराल तर अर्धा पंचम म्हणजे त्याचे वादक.”

“अर्धा? एकदम अर्धा?”

“मोजा ना. ‘दम मारो दम’ सुरू होतं ते भूपिंदर सिंगच्या गिटारीवर. तोच तो गझल गाणारा भूपिंदर. ‘चुरा लिया है’मधली गिटारही त्याचीच. ‘रूप तेरा मस्ताना’ला जो अ‍ॅकॉर्डियन अंगावर काटा आणतो, तो केर्सी लॉर्डचा.”

“ते गाणं सचिनदांचं हो, ‘आराधना’तलं.”

“नावावर सचिनदांचं. पण १९६९ साली बापाच्या हाताखाली सगळं बघत होता कोण? आणि पुढं ऐका. ‘हरे रामा हरे कृष्णा’तल्या ‘कांची रे’ला मादल वाजवणारा रणजीत गजमेर, तो दार्जिलिंगचा. त्याला सगळे कांचाच म्हणायचे. तबल्याला आपले मारुतराव कीर. सॅक्सोफोनला मनोहारी सिंग, चेलोला बासू चक्रवर्ती. १९८२च्या ‘सत्ते पे सत्ता’त तो दुसरा, खुनशी अमिताभ येतो तेव्हा पाठीमागून घशातून गुळण्या केल्यासारखा आवाज येतो, आठवतो? बायकोला विचारा, थिएटरात माझा हात धरून बसली होती.”

“कोण धरून बसलं होतं ते सांगू का?” माई आता ओट्यावरून दारात आल्या होत्या.

“तो आवाज अ‍ॅनेट पिंटो नावाच्या गायिकेचा,” अण्णांनी ते ऐकलंच नाही. “पाण्याचा घोट घशात धरून सुरात गुळण्या केल्या त्या बाईनं. आता सांगा, घसा कोणाचा? पाणी कोणाचं? आणि रेकॉर्डवर नाव कोणाचं? याला आमच्याकडे आयत्या बिळावर नागोबा म्हणतात.”

आता मात्र मला कढीपत्ता बाजूला ठेवावा लागला. पंचमला नागोबा म्हणणं म्हणजे जरा जास्तच होतं.

“अण्णा, तुमच्याच हिशोबानं जाऊ. हेच वादक बाकीच्यांकडे वाजवत नव्हते का? मनोहारी सिंग १९५८ साली कलकत्त्याहून मुंबईला आले ते सलील चौधरींमुळे. ‘कश्मीर की कली’त ‘है दुनिया उसी की’ला जो सॅक्सोफोन आहे तो मनोहारींचाच, आणि संगीत ओ. पी. नय्यरांचं. केर्सी लॉर्ड तर मुंबईत ज्यांच्या ज्यांच्या नावाची पाटी होती त्या सगळ्यांकडे वाजवून आले. वाद्यं तीच, हात तेच, स्टुडिओही तेच. मग नय्यरांकडे गेले की नय्यरांसारखं आणि पंचमकडे आले की पंचमसारखं कसं वाजायचं?”

“हाताला दिशा दाखवणारा वेगळा म्हणून,” माई म्हणाल्या.

“तू कोणाच्या बाजूची आहेस?”

“मी ज्याचं पटेल त्याच्या बाजूची.”

मी संधी सोडली नाही. “आणि बासू-मनोहारींनी स्वतःचं दुकान थाटून पाहिलं होतं की! बासू-मनोहारी या जोडनावानं १९७६ साली मेहमूदच्या ‘सबसे बडा रुपय्या’ला संगीत दिलं. गाणी वाईट नव्हती. पण लोक त्यांच्या नावानं तिकीट काढायला लागले का? पंचममध्ये अर्धा वाटा त्यांचा असता, तर निदान अर्धं नाव तरी झालं असतं.”

अण्णा दोन घोट गप्प बसले. पण रेल्वेत पस्तीस वर्षं युनियन चालवलेला माणूस, गप्प किती वेळ बसणार?

“ठीक. मग दत्ताराम घ्या. दत्ताराम वाडकर. शंकर-जयकिशनचा ताल सांभाळणारा गोव्याचा माणूस. ढोलकीवरच्या त्याच्या ठेक्याला वादकमंडळी अजून ‘दत्तू ठेका’ म्हणतात. १९५८च्या ‘परवरिश’ला संगीत त्याचं, ‘आँसू भरी हैं’ त्याचं. ते कमी प्रतीचं आहे का? पण आठवतं कोण? मुकेश. नाही तर लोक ठोकून देतात, शंकर-जयकिशनचं असेल. म्हणजे माणूस हाताखाली असला की त्याचं चांगलंही साहेबाच्या खात्यात जमा होतं.”

हे खोटं नव्हतं. शंकर-जयकिशनकडचेच सेबास्टियन डिसोझा घ्या. तेही गोव्याचेच. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा आणि हे बसून व्हायोलिनच्या रांगेनं काय वाजवायचं, चेलो कुठं यायचा, दोन कडव्यांमधला पीस कसा बांधायचा, सगळं कागदावर उतरवायचे. गोव्यात चर्चच्या शाळेत पोरं लहानपणी पाश्चात्त्य स्वरलिपी शिकायची, व्हायोलिन धरायला शिकायची. पुढं मुंबईत आली की कागद बघून वाजवणारे हात म्हणून त्यांना मागणी. चाळीस-पन्नास माणसांनी एकदम वाजवायचं म्हणजे कागदाशिवाय गत नाही. आणि तेव्हा रेकॉर्डिंग व्हायचं ते गायकासकट एका दमात. शेवटच्या ओळीत एका व्हायोलिनवाल्याचा हात घसरला तर लताबाईंनाही पुन्हा पहिल्यापासून गावं लागायचं. अरेंजरचं काम बाहेर कोणाला दिसायचं नाही, आणि त्याच्याशिवाय काही हलायचं नाही.

“आणि अँथनी गोन्साल्विसचं काय?” अण्णांना आता जोर चढला होता. “‘अमर अकबर अँथनी’तल्या अंड्यातून बाहेर आलेल्या अमिताभवर लोक हसले. कोणाला ठाऊक होतं, की तो खरा माणूस आहे? माजोर्डे गावचा व्हायोलिनवादक. प्यारेलालना व्हायोलिन त्यांनी शिकवलं. शिष्यानं १९७७ साली गुरूचं नाव गाण्यात घातलं. सगळ्या देशानं नाव ऐकलं आणि कोण हा बाबा, हे कोणी विचारलं नाही!”

“पण प्यारेलालनी निदान घातलं तरी,” माई म्हणाल्या. “तुम्ही माझ्या डाळिंबी उसळीचं श्रेय आजवर सासूबाईंना देत आलात.”

मी हळूच कढीपत्त्याची दुसरी फांदी ओढली. नवरा-बायकोच्या मध्ये कोण पडणार?

“बरं, तुम्ही पंचमची वकील ना,” अण्णा माझ्याकडे वळले, “मग सांगा, त्याचं स्वतःचं काय?”

“माणूस ओळखणं,” मी म्हटलं. “‘गाईड’च्या वेळची गोष्ट. तेव्हा पंचम वडिलांचा सहायक. ‘मोसे छल’ला तबला कोणी वाजवावा? त्यानं धरून आणलं शिवकुमार शर्मांना. संतूरवाले शिवकुमार शर्मा! ते तबला शिकलेले आहेत हे बाकीचे विसरले असतील, हा विसरला नव्हता. दुसरं, तो स्वतः वादक होता. ‘सोलवा साल’मधल्या ‘है अपना दिल’चा माउथ ऑर्गन त्याचा. १९६४ साली लक्ष्मीकांत-प्यारेलालच्या ‘दोस्ती’त माउथ ऑर्गन वाजवायला हाच गेला. म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यात आपला जीव ओतायचा आणि नाव मात्र दुसऱ्याचं, हे त्यानं स्वतः अनुभवलेलं. म्हणून त्याच्या खोलीत कोणीही काहीही वाजवून दाखवायला बिचकत नसे. बाटलीत फुंकर मारा, कंगवा खरखरा घासा, चालेल.”

“आणि चुकलं तरी चालेल,” अण्णा स्वतःच पुढं म्हणाले. “भानू गुप्तांची गोष्ट ठाऊक आहे ना? सिटिंगला गिटार घेऊन बसलेले, बोट भलत्याच कॉर्डवर पडलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, नीट वाजव. पंचम म्हणाला, तेच परत वाजव. ‘चिंगारी कोई भडके’ची सुरुवात तिथून झाली असं सांगतात.”

“मग आता काढा टक्के! अर्धा म्हणत होतात ना? त्या कॉर्डमधला भानू गुप्ता किती आणि पंचम किती?”

अण्णा कपाकडे बघत राहिले. कप केव्हाच रिकामा झाला होता.

टक्के निघतच नाहीत, हीच तर गंमत. बोट भलतीकडे पडलं नसतं तर पंचमच्या कानाला काही सापडलं नसतं, आणि ऐकायला पंचम नसता तर ती चूक म्हणून तिथंच पुसली गेली असती. दोघांपैकी कोणी एकटा ते गाणं सुरू करू शकला नसता. जो म्हणतो सगळं पंचमचं, त्यानं त्या खोलीतली माणसं पाहिलेली नाहीत. जो म्हणतो सगळं वादकांचं, त्यानं तीच माणसं दुसऱ्या खोल्यांत ऐकलेली नाहीत.

“आणि तिसरंच एक आहे,” माई पायरीवर टेकल्या. माईंना सिनेमाच्या घडामोडी अण्णांपेक्षा जास्त माहीत असतात, फक्त त्या मिरवत नाहीत. “पंचम तोच, मनोहारी तेच, भानू तेच. मग ऐंशीच्या शेवटाला काय झालं? १९६६च्या ‘तीसरी मंझिल’पासून ज्या नासिर हुसेननी पंचमला डोक्यावर घेतलं, त्यांनीच १९८८ साली ‘कयामत से कयामत तक’ आनंद-मिलिंदला दिला. सुभाष घईंचा ‘राम लखन’ लक्ष्मी-प्यारेंकडे गेला. टीम मोडली नव्हती, फोन बंद झाला होता. कलावंताला नुसते वादक पुरत नाहीत हो, विश्वास टाकणारा निर्माताही लागतो.”

“बघा!” मी म्हटलं. “आणि ‘इजाजत’? ‘मेरा कुछ सामान’साठी राष्ट्रीय पुरस्कार गुलजारांना मिळाला, आशाबाईंना मिळाला. चाल लावणाऱ्याला? काही नाही. त्या दिवशी पंचमच ‘आपले सर्व वादक’मध्ये जमा झाला. तिसरं फिल्मफेअर मिळालं ते ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’ला, आणि तेव्हा तो जिवंत नव्हता.”

अण्णांचा आवाज खाली आला. “म्हणजे नागोबा नाही म्हणायचं.”

“नाहीच म्हणायचं. शिवाय त्याच्या चित्रपटांची श्रेयनामावली नीट वाचा. सहायक म्हणून बासू, मनोहारी, मारुती ही नावं असतात. छोट्या अक्षरांत असतील, पण असतात. आपण तेव्हा अंधारात खुर्ची शोधत असतो, म्हणून दिसत नाहीत.”

“पण बाकीचे? अ‍ॅकॉर्डियनवाला, मादलवाला, व्हायोलिनची अख्खी रांग? रेकॉर्डच्या पाकिटावर संगीतकार, गीतकार, गायक. गाणं पन्नास वर्षं वाजणार, आणि वाजवणाऱ्याला त्या शिफ्टचे पैसे. पुढं २०१२ला कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. पण ‘दम मारो दम’ वाजलं की कोणाच्या घरी मनीऑर्डर येते, आणि गिटार कोणाची ते तुम्हाला कोण सांगतं?”

इथं मात्र वकिलीची सोय नव्हती. अण्णा बरोबर होते. निर्मितीतला वाटा मोजता येत नाही म्हणून नावातलाही मोजायचा नाही, ही पळवाट कंपन्यांना सोयीची आहे. पहिला प्रश्न अवघड आहे, दुसरा अगदी सोपा: कोणी काय वाजवलं ते छापा, वाचून दाखवा, आणि पैसे येत राहतील तोवर वाटून द्या. त्यानं पंचम तसूभरही लहान होत नाही. उलट इतकी गुणी माणसं एका खोलीत इतकी वर्षं राजीखुशीनं टिकवून धरणारा म्हणून मोठाच होतो. आपल्या पुण्या-मुंबईत हौशी पंचमप्रेमींनी हे ओळखलं. या म्हाताऱ्या वादकांना त्यांनी मंचावर मध्यभागी बसवलं, त्यांच्याकडून वाजवून घेतलं, गोष्टी वदवून घेतल्या. आज आपल्याला एवढी नावं ठाऊक आहेत ती बरीचशी त्या हौशीमुळे. ज्यांनी रेकॉर्डी विकल्या त्यांनी हे काम केलं नाही.

“म्हणजे निकाल काय?” माईंनी कप उचलला. “स्वयंपाक पडलाय माझा.”

निकाल असा, की मनोहारी, भानू, कांचा, मारुतराव यांच्याशिवाय पंचम झाला नसता, आणि पंचमशिवाय त्यांचं हे वाजवणं झालं नसतं. श्रेय वाटल्यानं कमी होत नाही, तेव्हा ते द्यायला कंजुषी कशाला? तुमच्या गावात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असेल तर निवेदकाच्या हातात वादकांच्या नावांची चिठ्ठी द्या आणि वाचायला लावा. तेवढं जमलं नाही, तर एवढं तरी करा: पुढच्या वेळी ‘शोले’ बघताना पायरीवर बसलेला अमिताभ माउथ ऑर्गन ओठाला लावील, तेव्हा शेजारच्याला सांगा, हा वाजवतोय तो भानू गुप्ता.