सोबत: आधार कार्डाची झेरॉक्स (स्वसाक्षांकित)

विद्यापीठावर टीका करायला अक्कल लागत नाही. निकाल उशिरा लागला, हॉल तिकिटावर दुसऱ्याचाच फोटो आला, एवढ्या भांडवलावर कुणीही वर्षभर सदर चालवू शकतो. म्हणून आज विद्यापीठाची बाजू मांडायचं ठरवलं आहे. कुठलं विद्यापीठ हे मात्र विचारू नका. ती माहिती वैयक्तिक आहे.

तर आमच्या गल्लीत मिरची कांडपाचं यंत्र चालवणाऱ्या एक काकू आहेत. मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या दारात बेडगी आणि लवंगीच्या पिशव्यांची रांग लागते आणि अख्खी गल्ली शिंकते. विद्यापीठाच्या उद्योजकता केंद्रानं सरकारी योजनेच्या पैशातून सूक्ष्म उद्योजकांसाठी ‘ब्रँडिंग आणि डिजिटल मार्केटिंग’ अशी एक दिवसाची कार्यशाळा ठेवली. प्रवेश विनामूल्य, वर नाश्ता, जेवण आणि प्रमाणपत्र. काकू ऐन सीझनमध्ये यंत्र बंद ठेवून गेल्या. साडेनऊला पोचल्या आणि पावणेबारापर्यंत फॉर्म भरत होत्या.

फॉर्मात नाव, नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, जात, पोटजात, धर्म, अल्पसंख्याक आहात का, दिव्यांग आहात का, मोबाइल, व्हॉट्सअ‍ॅप (तोच नंबर असला तरी पुन्हा लिहावा), ईमेल, पॅन, आधार, उद्यम नोंदणी क्रमांक, वार्षिक उलाढाल, कर्ज आहे का, असल्यास कोणत्या बँकेचं, थकलं आहे का, आणि रक्तगट. रक्तगटाचा खुलासा नंतर झाला. फॉर्म राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराच्या फॉर्मावरून बेतला होता आणि त्यातला रकाना काढण्याचा अधिकार नेमका कुणाला, हे ठरलेलं नव्हतं. सोबत आधार, पॅन आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, प्रत्येकीवर सही. त्या दिवशी कुणाच्याही खात्यात एक रुपया जमा व्हायचा नव्हता. तरी पासबुक.

काकूंचा मुलगा हुशार. त्यानं आईला पहिले आठ आकडे झाकलेलं आधार छापून दिलं होतं. टेबलामागच्या प्रोजेक्ट असिस्टंटनं ते उजेडात धरून पाहिलं.

“मावशी, हे नाही चालणार. आकडे झाकलेत.”

“अरे बाळा, सरकारच देतं ना असं?”

“सरकार देतं हो. आम्हाला चालत नाही.”

“पण मी मिरची कुटते. माझा आधार नंबर घेऊन तुम्ही काय करणार?”

“वरून मागतात.”

“वर कोण?”

“पोर्टल.”

पोरगा खोटं बोलत नव्हता. झाकलेल्या आधाराचं या देशात एवढंच झालं आहे. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयानं पत्रक काढून बजावलं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, दुरुपयोग होऊ शकतो, झाकलेलं आधार वापरा. २९ मे रोजी केंद्र सरकारनं ते पत्रक मागं घेतलं. कारण दिलं, की त्यातून गैरसमज होण्याची शक्यता आहे. लोक ते खरं मानतील, हा तो गैरसमज असावा.

आता विद्यापीठाची बाजू. काकूंना वाटतं, कार्यशाळा त्यांच्यासाठी होती आणि फॉर्म ही तिची कटकट. उलटं आहे. कार्यशाळा फॉर्मासाठी होती. सरकारी योजनेचा पहिला हप्ता येतो, तो खर्च होतो, मग उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे केंद्रात सगळे जिला ‘यूसी’ म्हणतात ती, दिल्लीला जाते. यूसी गेली नाही तर दुसरा हप्ता नाही. दुसरा हप्ता नाही तर असिस्टंटचा पगार नाही. ज्याच्या पगाराचा प्रश्न आहे, तो काकूंच्या मसाल्याच्या पाकिटावर कोणता रंग शोभेल याची चिंता करत बसेल, की काकू खरोखर आल्या होत्या याचा पुरावा गोळा करेल? व्हाउचरला आपला लोगो कसा असावा असं कुणी विचारत नाही. काकू या सगळ्या व्यवहारात व्हाउचर आहेत.

गंमत अशी, की सामान्य वित्तीय नियमांतला यूसीचा नमुना, १२-अ, मी पाहिला आहे. त्यात रकमा आहेत, शिल्लक आहे, व्याज आहे, सह्या आहेत. आधार क्रमांकाला जागाच नाही, रक्तगटाला तर नाहीच. मग मागतं कोण? ऑडिट. आलेलं ऑडिट नव्हे, येऊ शकणारं. पाच वर्षांनी कुणी लेखापरीक्षक येईल, अनुक्रमांक ५७ वर बोट ठेवून ‘ही बाई होती कशावरून?’ असं विचारेल आणि त्या वेळी आपल्याजवळ तिचं पासबुक नसेल, या भीतीवर आपली उच्च शिक्षणव्यवस्था उभी आहे. या भीतीनं जमवलेला कागद कधी फेकायचा, हे कुठंच लिहिलेलं नसतं. फाइलवर ‘अ’ वर्ग असं लिहिलं की ती कायमची. सगळ्याच फाइलींवर ‘अ’ लिहिलेलं आहे, कारण ‘ड’, म्हणजे लवकर फेकायची, असं लिहिणाऱ्याला उद्या कुणी विचारलं तर?

केंद्राच्या समन्वयक मॅडमना मी रीतसर भेटलो. त्यांचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. “अहो, यात वैयक्तिक काय आहे? ही व्यवसायाची माहिती आहे. आम्ही व्यक्तींची नाही, उद्योगांची नोंद ठेवतो.”

कंपनी असती तर हे पटलं असतं. पण ज्यांच्यासाठी या योजना निघतात त्यांचा ‘उद्योग’ आणि ‘व्यक्ती’ एकाच नऊवारीत असतात. काकूंच्या उद्योगाचा फोन म्हणजे काकूंचा फोन, उद्योगाचा पत्ता म्हणजे स्वयंपाकघराशेजारची पडवी, उद्योगाचं पॅन म्हणजे त्यांचंच पॅन. १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी सुरू झाली, तीही एकमालकी धंद्यात मालकाच्या आधारवरच होते. आमच्या नाक्यावरच्या फरसाणवाल्या काकांची तऱ्हा तर आणखी पुढची. कायद्यानं जीएसटी क्रमांक दुकानाच्या पाटीवर लावावा लागतो. तो पंधरा अक्षरांचा. पहिले दोन आकडे २७, म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं म्हणजे काकांचं पॅन, जसंच्या तसं. त्यातलं चौथं अक्षर ‘पी’, म्हणजे ही कंपनी नसून माणूस आहे, आणि पाचवं त्यांच्या आडनावाचं आद्याक्षर. हे सगळं ‘ताजी भावनगरी मिळेल’च्या वरती, ट्यूबलाइटखाली. काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग झाकू का? झाकलं तर दंड करतील.” एका खात्यानं पाटीवर लावायला लावायचं आणि दुसऱ्यानं त्याचीच झेरॉक्स मागायची, यात उद्योजकाला काहीच करावं लागत नाही. व्यवसायसुलभता म्हणतात ती हीच.

कार्यशाळेत पुढं काय झालं ते थोडक्यात. हजेरीपट कागदाचा होता आणि तो हातोहात फिरला. नाव, मोबाइल, आधार, प्रवर्ग, उलाढाल, सही. शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत पुढच्या साऱ्यांची जात मागच्यांना पाठ झाली होती. दोन पापडवाल्यांनी एकमेकांची उलाढाल वाचली आणि जेवताना वेगवेगळ्या टेबलांवर बसल्या. मग सगळ्यांना एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घातलं. पहिल्याच संध्याकाळी त्यावर दोन सुविचार, एक प्लॉटची जाहिरात आणि संपूर्ण उपस्थितांची एक्सेल फाइल आली, ‘सर्वांनी आपापले स्पेलिंग तपासावे’ या सूचनेसह. फोटो निघाले ते अक्षांश-रेखांश आणि वेळ छापणाऱ्या अ‍ॅपमधून. हल्ली विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला असेच फोटो लागतात. त्या फोटोत काकू जिलेबी खाताना आहेत. ब्रँडिंगवर व्याख्यान देणारे सर चाळीस मिनिटं बोलले, त्यातली वीस आभारात गेली.

ही सगळी माहिती आहे कुठं? विद्यापीठाच्या सर्व्हरवर असेल असं काकूंना वाटतं. तसा माझाही समज होता. ती त्या असिस्टंटच्या स्वतःच्या जीमेलवर आहे. केंद्राला अधिकृत ईमेल मिळावा म्हणून संगणक विभागाला टिप्पणी गेली होती, ती ‘प्रकल्प कायमस्वरूपी नसल्याने’ परत आली. त्यामुळं ही माहिती चढवायला गुगल फॉर्म त्यानं स्वतःच्या नावे उघडला. त्याची नेमणूक अकरा महिन्यांची. बारावा महिना उजाडला की तो जाईल, आणि त्याच्यासोबत सगळ्यांचे आधार, पॅन, कर्ज आणि रक्तगट जातील. तेव्हा तो एका खासगी फायनान्स कंपनीत मुलाखती देत होता. अनुभवाच्या रकान्यात त्यानं ‘सूक्ष्म उद्योजकांशी थेट संपर्क’ असं लिहिलं होतं. त्याला नावं ठेवू नका. अकरा महिने पगार वेळेवर न मिळालेल्या माणसानं दिलेला हा सगळ्यात खरा बायोडेटा आहे.

झेरॉक्सचं मात्र चांगलं झालं. विद्यापीठ पर्यावरणस्नेही आहे. प्रमाणपत्र घ्यायला काकू महिन्यानं गेल्या, तेव्हा पोच म्हणून त्यांना जो कागद मिळाला तो पाठकोऱ्यावर छापलेला होता. उलटून पाहिलं तर मागं एका बेकरीवाल्याचं आधार, स्वसाक्षांकित. काकूंनी विचारलं, “ह्यांचा कागद माझ्याकडं, मग माझा कुणाकडं?” खिडकीतले भाऊसाहेब म्हणाले, “असेल कुणाकडं तरी. हरवत नाही आमच्याकडं काही.”

आणि आता कायदा आला आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा हा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. नियम यायला सव्वादोन वर्षं लागली, ते नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढं १८ महिने दिले, म्हणजे मे २०२७. माहिती का घेता ते सोप्या भाषेत सांगा, लागेल तेवढीच घ्या, काम झालं की पुसा, जपली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, असं सगळं त्यात आहे. दंड सरकारच्या संचित निधीत जमा होईल, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातलं काही मिळणार नाही. उलट काही बाबतींत खोटी माहिती देणाऱ्या किंवा उगाच तक्रार करणाऱ्या नागरिकालाही दहा हजारांपर्यंत दंडाची सोय आहे. काकूंनी उलाढाल थोडी फुगवून लिहिली होती, त्यांना हे कळल्यापासून झोप नाही.

विद्यापीठानं मात्र मे २०२७ ची वाट पाहिली नाही. समिती नेमली. समितीनं विधी कक्षाकडून मत मागवलं आणि विधी कक्षानं कायदा वाचून एक शोध लावला, ज्याबद्दल त्यांना मानद पदवी मिळायला हरकत नाही. कायदा डिजिटल माहितीला लागू आहे. जी माहिती कागदावर आहे आणि पुढं संगणकात गेलेली नाही, तिला तो लागूच नाही. म्हणजे हातोहात फिरणारा हजेरीपट, पाठकोऱ्या झेरॉक्स, खिडकीवरची गठ्ठे बांधलेली पासबुकं, सगळं कायदेशीर. परिपत्रक निघालं: यापुढं शक्यतो माहिती कागदावरच घ्यावी. दहा वर्षं ‘पेपरलेस’ची पारितोषिकं घेतलेल्या संस्थेनं एका दुपारी नागरिकांच्या गोपनीयतेसाठी एवढा त्याग केला.

शिवाय संमतिपत्र आलं. चार पानी, इंग्रजीत. नागरिकानं मागितलं तर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत ते द्यावं लागेल असं कायदा म्हणतो, पण मराठीत मागण्यासाठी वेगळा अर्ज आहे आणि तो नमुना अजून मंजूर व्हायचा आहे. संमती देणाऱ्याची ओळख पटावी म्हणून शेवटी एक चौकट आहे. त्यात काय जोडायचं ते वाचकांनी ओळखलं असेलच. काकूंनी ओळखलं नाही, त्यांनी नुसती सही करून दिली. फॉर्म परत आला.

मग काकूंच्या मुलानं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, आईच्या सहीनं. माझी माहिती कुणाकुणाला दिली आणि कार्यशाळेवर माणशी किती खर्च झाला, दोनच प्रश्न, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. या कायद्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. २००५ सालच्या त्या कायद्यात लिहिलं आहे, की अर्जदाराला कारण विचारू नका आणि उत्तर पाठवण्यापुरती सोडून त्याची कसलीही वैयक्तिक माहिती मागू नका. जात नाही, आधार नाही, रक्तगट नाही. लोकांची माहिती जपायचं शहाणपण आपल्याकडं खरं तर वीस वर्षांपूर्वीच एका कायद्यानं दाखवलं होतं. नव्या कायद्यातली मुख्य कलमं सवडीनं लागू होणार आहेत, पण जी लगेच, नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झाली त्यांत या माहिती अधिकाराला कात्री लावणारं कलम आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे माहिती अधिकाराच्या त्या कलमातच पाहावं लागायचं. आता ‘वैयक्तिक आहे’ एवढं म्हटलं की पुरतं. व्यापक जनहिताचं दुसरं एक कलम शिल्लक आहे म्हणतात. ते खिडकीपर्यंत पोचलेलं नाही.

उत्तर तिसाव्या दिवशी आलं. मुद्दा १: मागितलेली माहिती आपली स्वतःची असली तरी वैयक्तिक स्वरूपाची असल्यानं देता येत नाही. मुद्दा २: खर्चाच्या व्हाउचरांवर तृतीय पक्षाची नावं असल्यानं वरीलप्रमाणे. खाली प्रथम अपिलीय अधिकाऱ्याचं नाव आणि ‘तीस दिवसांत’.

अपील लिहायला मुलगा बसला होता, तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. कर्ज देणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा पोरगा, आवाज ओळखीचा वाटला म्हणे.

“नमस्कार मॅडम, आपण विद्यापीठाच्या कार्यशाळेला होता ना? लाभार्थी क्रमांक ५७, प्रवर्ग इमाव, बँकेचं यंत्राचं कर्ज दोन हप्ते थकलेलं, बरोबर?”

काकूंनी स्पीकर चालू केला आणि मुलाला अर्ज बाजूला ठेवायला सांगितलं. “बोल बाळा, सावकाश बोल. माझी माहिती आणखी कुणाकडं आहे रे?” त्यानं चार नावं भडाभडा सांगितली. माणशी खर्चाचा आकडाही त्याला ठाऊक होता, बिलं त्यानंच लावली होती. मुलानं सगळं लिहून घेतलं. शेवटी काकूंनी व्याजाचा दर विचारला.

“तो आत्ता नाही सांगता येणार मावशी,” पोरगा म्हणाला, “आधी केवायसी करावं लागेल.”