पिवळं पडू द्या ते गवत

मे महिन्यात बीड जिल्ह्यात कुठे हिरवंगार मैदान दिसलं, की पहिला प्रश्न विचारायचा: पाणी कुठलं? मैदान क्रिकेटचं असो, लग्नाच्या लॉन्सचं असो की साहेबाच्या बंगल्यापुढचं. प्रश्न उद्धट वाटला तरी चालेल.

हिशेब सगळ्यात उघडा पडतो तो गोल्फमध्ये. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे 10 हजार लिटर. हिरवं ठेवायचं तर भर उन्हाळ्यात गवत दिवसाला पाच मिलिमीटर सहज पितं. अठरा होलच्या मैदानात ओलिताचं गवत साधारण 40 हेक्टर धरा. रोजचे 20 लाख लिटर झाले. 2016 साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली. 50 वाघिणींची ती गाडी एका खेपेला सुमारे 25 लाख लिटर आणायची. म्हणजे त्यातल्या 40 वाघिणी एका दिवसात गवतानं रिचवल्या असत्या. आणि लातूरला रेल्वे का लागली? आपल्या केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं म्हणून. त्याच धरणावर केज आणि अंबाजोगाईचीही तहान भागते.

त्याच वर्षी, 13 एप्रिलला, दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयानं 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं. उत्तम केलं. सुनावणीत क्रिकेट मंडळानं मैदानांसाठी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरायची तयारी दाखवली. ही तयारी कोर्टाची पायरी चढेपर्यंत का थांबली, याचा राग मला आजही येतो. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचची गोल्फ मैदानं 1994 पासून असं पाणी घेताहेत. त्यात क्षार जास्त असतात. आपल्या काळ्या, निचरा न होणाऱ्या जमिनीत ते साठतात, म्हणून चर खणावे लागतात, मधूनमधून माती तपासावी लागते. करावं की! मैदान राखणाऱ्याचं ते कामच आहे.

खरी गोष्ट तर याहून सोपी आहे. उष्ण प्रदेशातल्या गोल्फ मैदानांवर बर्म्युडा म्हणून जे गवत मिरवतं, त्याचं मूळ कूळ म्हणजे आपली हरळी. ज्या हरळीच्या काशा वेचून बीडच्या शेतकऱ्याच्या पिढ्या वाकल्या, जी नांगरून उन्हात तापवली तरी पावसात पुन्हा डोकं काढते, तिला मे महिन्यात मरायची भीती दाखवून कुणी पाणी मागू नये. पाणी तोडलं की ती वरून वाळते, जमिनीखाली जिवंत राहते आणि मृगात फुटते.

म्हणून दुष्काळात पाणी फक्त ग्रीनला द्यावं, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला. तिथलं गवत इतकं खुरटं ठेवलेलं असतं की त्याची मुळं वरवरच राहतात. ते खरंच मरू शकतं. अठरा ग्रीन मिळून जागा हेक्टरभर, पाणी 50 हजार लिटर. चाळीस वाघिणींऐवजी एक! तेही पहाटे, नळी हातात धरून, जिथे कोरड दिसते तिथेच. बाकीचं मैदान तपकिरी होऊ द्यावं, कापणी उंच ठेवावी, युरिया बंद करावा, गाड्या गवतावरून फिरवू नयेत. 2006 साली इंग्लंडात होयलेकला ब्रिटिश ओपन झाली तेव्हा मैदान करपून पिवळं पडलं होतं. टायगर वूड्स तिथेच जिंकला. चेंडूला हिरवा रंग लागत नाही.

मग पाणी मागतं कोण? सभासदाचे डोळे आणि फोटो. लॉन्सवाल्याला विचारा, तो सांगेल: पिवळ्या गवतावर लग्नाची तारीख कुणी घेत नाही. त्याचा धंदा आहे, त्याची अडचण मला समजते. पण शेजारच्या वस्तीवर बाया टँकरची वाट पाहत घागरींची रांग लावून बसल्या असताना बोअरचं पाणी फवाऱ्यातून उडवणं मला मान्य नाही. बोअर त्याचा असेल. खडकातलं पाणी दोघांचं एकच आहे.

जिल्हाधिकाऱ्यांनी एकच अट कायमची घालावी. तालुक्यात पहिला टँकर मंजूर झाला, की त्याच दिवसापासून त्या तालुक्यातल्या प्रत्येक शोभेच्या गवताचं पिण्याजोगं पाणी बंद. सुरुवात सरकारी बंगल्यांपासून.