सात देशांची इंग्रजी

परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी हवी असेल, तर इंग्रजी येणं ही अट यादीत बरीच खाली असते. सगळ्यात वर असतो फोटो. दक्षिण कोरियात शाळा सुटल्यावरचे खासगी क्लास असतात, त्यांना हागवॉन म्हणतात. सोलमध्ये ते रात्री दहाला बंद करायचा नियम करावा लागला, यावरून धंद्याचा अंदाज यावा. या क्लासवाल्यांना अर्जासोबत चेहरा लागतो. समोरून काढलेला, हसरा. सरकारी शाळांसाठी परदेशी शिक्षक आणणारा ‘एपिक’ हा कार्यक्रम 1995 पासून चालू आहे. तिथल्या अर्जात अंगावर गोंदण आहे का, याचीही चौकशी असते. एकूण मामला कांदेपोह्यांचा. गाता येतं का, याऐवजी फ्लॅशकार्ड नाचवता येतात का, ते बघतात.

नाचवणं आलंच पाहिजे. कारण मुलाखतीत एक प्रवेश ठरलेला असतो, त्याला ‘डेमो’ म्हणतात. पडद्यापलीकडचा चाळिशीचा गृहस्थ अचानक सात वर्षांचा होतो आणि आपण त्याला रंग शिकवायचे.

ओळखीतल्या एका शिक्षिकेने हा प्रवेश पार पाडला. एम. ए., बी. एड., वसईची, आडनाव ख्रिस्ती. कुकरच्या खोक्यावर लॅपटॉप, वर नवऱ्याचा ब्लेझर, खाली घरातली सलवार. तिने लाल कार्ड दाखवलं, गृहस्थ मुद्दाम ‘यलो’ म्हणाले. तिने न चिडता पुन्हा दाखवलं. ते पुन्हा ‘यलो’. दहावीच्या पोरांना वर्षानुवर्षं पॅसिव्ह व्हॉइस शिकवलेल्या बाईला असल्या यलोचं काय? तिने तिसऱ्या खेपेला त्यांच्याकडून ‘रेड’ वदवून घेतलं, वर टाळ्याही वाजवायला लावल्या. गृहस्थ खूश. मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, घरी कोणती भाषा बोलता? बाई प्रामाणिक. म्हणाली, कादोडी.

गृहस्थांनी स्पेलिंग विचारलं. तिने सांगितलं. ही कोणत्या देशाची, असंही विचारलं. वसईची, म्हणाली. मुलाखत तिथेच आटोपली. आडनाव वाचून त्यांनी मनात कोणता देश धरला होता, देव जाणे.

आता मान्य देशांची यादी. कोरियाच्या ‘ई-टू’ या भाषा-शिक्षक व्हिसासाठी इंग्रजीचे देश सात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. यातल्या आयर्लंडच्या राज्यघटनेत पहिली राजभाषा आयरिश आहे, इंग्रजी दुसरी. दक्षिण आफ्रिकेची कथा आणखी रंगतदार. 2022 च्या जनगणनेप्रमाणे तिथे घरात इंग्रजी बोलणारे 8.7 टक्के. म्हणजे घरात झुलू बोलणारा, शाळेत इंग्रजी शिकलेला तिथला माणूस यादीत बसतो. एपिकवाले त्याच्याकडून सातवीपासून इंग्रजी माध्यमात शिकल्याचा दाखला घेतात आणि त्याला पंगतीला बसवतात. छान आहे, बसावंच त्याने. पण मग केजीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली, घरात मराठी बोलणारी आमची पोरगी ओसरीवरच का? तिला दाखला मागण्याची तसदीही कोणी घेत नाही.

चिपळूणकरांच्या नावावर सांगितलं जाणारं ते इंग्रजी नावाचं वाघिणीचं दूध आपण इतक्या पिढ्या प्यालो, आणि आता कळतं की दूध पिणारा चालत नाही, वाघिणीच्या पोटचाच लागतो.

ही अक्कल कोरियाची एकट्याची नाही. इंग्रजीचा उत्तम शिक्षक म्हणजे ज्याची ती मातृभाषा आहे तो, हा सिद्धान्त 1961 मध्ये एका परिषदेतून रूढ झाला. परिषद कुठे? युगांडात, मकेरेरेला. युगांडा यादीत नाही, हे सांगायला नकोच. भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 मध्ये या समजाची चिरफाड केली, विद्यापीठांतून ती वाचलीही जाते. क्लासवाले विद्यापीठात जात नाहीत.

बरं, यादीतल्यांना तरी पायघड्या घालतात का? 2007 पासून कोरियाने परदेशी इंग्रजी शिक्षकांना एचआयव्हीची चाचणी सक्तीची केली. स्थानिक शिक्षकांना नाही, परदेशातून आलेल्या कोरियन वंशाच्या शिक्षकांनाही नाही. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने दाद मागितली, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने 2015 मध्ये तिच्या बाजूने मत दिलं आणि 2017 मध्ये ही सक्ती उठली. इंग्रजी मातृभाषा असूनही रक्त तपासलं जात होतं. ऐकून आपल्याकडच्या काहींना बरं वाटेल, तसं वाटू नये.

आपल्यासाठी एक दार किलकिलं आहे, ते मात्र फारसं कोणी सांगत नाही. भारत-कोरिया व्यापार करार 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला. त्यानुसार इंग्रजी शिकवण्याची अधिकृत पात्रता असलेल्या भारतीयांना शाळांत सहायक शिक्षक म्हणून जायची वाट मोकळी झाली. वाट कागदावर आहे. खासगी क्लासच्या जाहिराती मात्र अजून सात देशांचीच आरती म्हणतात.

कोरियाला फार बोलू नये म्हणा. आपल्याकडच्या ‘इंटरनॅशनल’ शाळेच्या माहितीपत्रकावर गोरा शिक्षक छापला की पालक फीचा आकडा वाचत नाहीत. त्याची डिग्री काय, हे पालकसभेत कोणी विचारलेलं ऐकलंय? आणि नागपूरहून आलेल्या एम. ए. झालेल्या बाईंच्या उच्चारावर त्याच सभेत कुजबुज होते.

तरीही जायचंच असेल, तर चार कामाच्या गोष्टी ऐका. इंग्रजी शिकवण्याचं एकशेवीस तासांचं ‘टेफल’ सर्टिफिकेट विकणारे गल्लोगल्ली झाले आहेत. त्यांना पैसे मोजण्याआधी, जिथे जायचं त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर भारतीय पासपोर्ट चालतो का, ते वाचा. पासपोर्ट चालत नसेल तर सर्टिफिकेट एकशेवीसचं असो की बाराशे तासांचं, ते फ्रेम करण्यापुरतंच. पदवीवर अपोस्टिलचा, म्हणजे कागद अस्सल असल्याचा शिक्का लागतो, तो परराष्ट्र मंत्रालय देतं, त्याला वेळ धरा. ‘सध्या टुरिस्ट व्हिसावर या, नंतर बघू’ म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा. आणि जाहिरातीत त्या सात देशांची यादी दिसली, तर मुलाखतीसाठी ब्लेझर इस्त्रीला टाकू नका.