फोरमनकाकांची गाडी

'घरात कुत्रा आला तर मी बाहेर' असं ठणकावून सांगितलेला एक तरी गृहस्थ नवीन पनवेलच्या कुठल्याही सोसायटीत सापडतो. पहाटे साडेपाचला कुत्र्यामागे फरफटत जाणारा जो दिसतो, तोच. मुलगा पिल्लू आणतो, दोन वर्षं त्याचे फोटो काढतो आणि नोकरीला बंगळुरूला जातो. पिल्लू तोवर ३० किलोचं झालेलं असतं.

आमच्या विंगमधले फोरमनकाका याच पंथातले. फक्त ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ३४ वर्षं लाल गाड्या धुतल्या, ग्रीस केल्या, टायर ठोकून पाहिले. निवृत्तीनंतर हाताखाली एकही गाडी उरली नाही. ब्रुनो उरला.

ब्रुनो गोल्डन रिट्रिव्हर. ही जात स्कॉटलंडची, शिकाऱ्याने पाडलेले पक्षी उचलून आणण्यासाठी तयार केलेली. "बॉडी उत्तम आहे," काका सांगतात, "पण आपल्या दमट हवेत गंजणार. मेन्टेनन्स चुकवून चालायचं नाही." ब्रुनोच्या पट्ट्याला पत्र्याची पाटी आहे. तिच्यावर काकांचा फोन नंबर आणि वर 'एमएच ४६'.

घरात कालनिर्णय दोन. एक काकूंचं, त्यावर चतुर्थ्या, दूध आणि गॅस. दुसरं ब्रुनोचं. त्यावर निळ्या शाईत दिवसाआड 'ब्रश', आठवड्याला 'कान पाहणे', तीन आठवड्यांनी 'नखं', आणि महिन्यातून एकदा, लाल शाईत, 'आंघोळ'. डॉक्टरकडच्या वार्षिक लसीला काका 'पासिंग' म्हणतात. नखांची तारीख यायच्या आत ती फरशीवर टकटक वाजली, तर काका कालनिर्णयावर रागावतात, ब्रुनोवर नाही.

लाल शाईचा मुद्दा मात्र फार पेटतो. एकदा वडाळे तळ्यावर सकाळच्या फेरीत एक पगवाल्या वहिनी सहज म्हणाल्या, "आम्ही बाई दर रविवारी घालतो. वास येतो ना!" काका थांबले. ब्रुनो सवयीने बसला. त्याला ठाऊक होतं, आता वेळ लागणार.

"वहिनी, इंजिनातलं ऑइल दर रविवारी ओतून देता का? कातडीला स्वतःचं तेल असतं. साबणाने ते गेलं की कातडी कोरडी, मग खाज, मग जखम, मग डॉक्टर. आणि शाम्पू कुठला? घरातलाच? आपली कातडी आम्लधर्मी, त्याची जवळपास न्यूट्रल. डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरताय तुम्ही!"

दुसऱ्या दिवसापासून वहिनी तळ्याला उलटी फेरी मारू लागल्या. त्यामुळे दोघांची गाठ आता रोज दोनदा पडते.

वैताग असा की काकांचं म्हणणं बरोबर असतं. चुकणाऱ्या शेजाऱ्याला माणूस माफ करतो. मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने आपल्या हस्कीचं मुंडण ठरवलं, 'बिचाऱ्याला उकडतं' म्हणून. काका जिन्यातच आडवे आले. "अरे, दुहेरी अस्तर आहे ते. टप उडवलास तर ऊन थेट आत. आतली मेलेली लव विंचरून काढ, हवा आपोआप खेळेल." हस्की वाचला. सैबेरियाचा कुत्रा पनवेलला आणावाच का, हा माझा प्रश्न कुणी चर्चेलाच घेतला नाही.

काकूंची तक्रार एवढीच की आमटीत केस सापडतो, आणि काका तो खिडकीच्या उजेडात धरून समाधानाने म्हणतात, "आतल्या अस्तराचा. गळती सुरू झाली."

खरा सीझन पावसाळ्याचा. फेरीवरून आलं की काका गॅलरीत पाट मांडतात, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात आणि ब्रुनोचा पंजा मांडीवर ठेवतात. बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडायच्या. गोचीड दिसला की चिमट्याने अगदी कातडीलगत धरायचा, पिळायचा नाही, सरळ वर ओढायचा. तो जातो बरणीच्या झाकणातल्या स्पिरिटमध्ये. "डाव्या पुढच्या चाकात तीन," काका पुटपुटतात आणि वहीत लिहितात. ब्रुनो मध्येच त्यांच्या कानशिलावरचा घाम चाटतो. "अरे, काम चालू आहे," काका दटावतात. डोकं मात्र हलवत नाहीत.

परवाच्या जुलैत लाल तारीख रविवारी आली. पार्किंगमध्ये कोमट पाण्याच्या दोन बादल्या, ब्रुनोच्या कानात कापूस, नंतर तासभर पंखा, कारण ओल आत राहिली की पावसाळ्यात चट्टे उठतात. दुपारी ब्रुनो असा फुलला होता की शेजारच्या आजींनी दृष्ट काढली. संध्याकाळी गाढी नदीच्या बाजूला फेरी. तिथे मुलाचा फोन आला, काकांनी तो उजव्या हाताने घेतला, आणि दोरीही उजव्याच हातात होती.

काठावर कुणीतरी कुजकी मासळी टाकली होती. ब्रुनो तिच्यात आधी मान घालून आणि मग पाठीवर, चारही पाय वर करून, मनसोक्त लोळला.

लिफ्टमधून दोघं येणार म्हटल्यावर लोकांनी जिना धरला. मग सगळी विंग पार्किंगमध्ये जमली, कारण सकाळीच आंघोळ झाली होती आणि पुढची लाल तारीख ऑगस्टमध्ये होती. पगवाल्या वहिनी पलीकडच्या विंगमधून खास उतरल्या.

"काय काका, आज दुसऱ्यांदा?"

काकांनी उत्तर दिलं नाही. खिशातून वही काढली, आंघोळीचा रकाना सोडला आणि खाली, नवीन ओळीवर, सावकाश लिहिलं: 'ब्रेकडाऊन. स्थळ: गाढी नदी. कारण: चालकाची चूक.' मग सही केली आणि नळ सोडला.