झाकणासकट स्टीलचा डबा

अहो, ऐकलंत का? काल भिशीला काय झालं ते? तुम्ही नव्हतात ना... गुडघा कसा आहे आता? शेकताय ना? बरं, तर काय सांगत होते, भिशी माझ्याकडे होती. कोपऱ्याच्या बंगल्यातल्या वहिनी आल्या त्या माळा साफ केल्याचं पुराण घेऊनच. किती ते क्लटर, किती ती धूळ! आणि मग अगदी ऐटीत सांगतात, ‘सासूबाईंची ती जुनी गोधडी बोहारणीला देऊन टाकली. स्टीलचा डबा आला, झाकणासकट!’

नऊवारी लुगड्यांची गोधडी हो ती! म्हातारीनं डोळे फोडून शिवलेली. मी आपली गप्प. पण आमची लेक आलीये ना अटलांटाहून, ती पोह्यांच्या बशा फिरवत होती. ‘काकू, नव्हती द्यायची,’ म्हणाली, आणि काढलाच फोन. जीज बेंडचे फोटो.

अलाबामातलं खेडं ते, नदीच्या वळणात अडकलेलं. जो तो पेटवे! नातं असो-नसो, मळ्याच्या मालकाचं आडनाव गुलामांना चिकटलं ते चिकटलंच. थंडीत घरात वारा शिरायचा, म्हणून बायकांनी फाटक्या विजारी, शर्ट, पोती, मिळेल ते जोडून गोधड्या शिवल्या. आणि 1962 साली तिथली होडीच बंद केली की! काळी माणसं मताचा हक्क मागायला लागली ना, म्हणून. समोरच्या काठावरच्या कॅम्डेनला जायला मोठा वळसा. ती होडी परत आली 2006 साली. चव्वेचाळीस वर्षं! आपल्याकडे एक बस बंद झाली तर आपण किती...

हां, तर गोधड्या. विल्यम आर्नेट म्हणून एक संग्राहक, त्यानं ॲनी मे यंगच्या गोधडीचा फोटो पाहिला पुस्तकात. लाकडाच्या ढिगावर टाकलेली गोधडी. 1998 साली हा बाबा थेट तिच्या दारात हजर. आणि तिनं काय केलेलं ठाऊक आहे? आठवड्यापूर्वीच काही गोधड्या जाळल्या होत्या. डास पळवायला! शोधाशोध केली तेव्हा फोटोतली ती सापडली, म्हणून बरं. त्यानं तिथल्या तिथे चेक फाडला. मग गावभर झालं, कुणी वेडा गोरा चिंध्यांना पैसे देतोय.

2002 साली ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये भिंतीवर टांगल्या, मग न्यूयॉर्कच्या व्हिटनीत. 2006 साली पोस्टानं तिकिटं काढली, दहा डिझाइनची. आता गावातच रस्त्याकडेला त्या गोधड्यांचे मोठाले रंगवलेले फलक आहेत, लेकीनं एकेकापाशी उभं राहून सेल्फी काढलेत. (जावईबापू प्रत्येकात कंटाळलेले, ते जाऊ द्या.) आणि हो, पैसा आला की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. 2007 साली काही बायका त्या आर्नेटवर कोर्टात गेल्या, आमच्या हक्काचं आम्हाला मिळालं नाही म्हणून. पुढच्या वर्षी मिटलं म्हणे. मला विचाराल तर मी त्या बायकांच्या बाजूची.

इतका वेळ वहिनी मान डोलावत होत्या बरं का, ‘हाऊ नाइस, हाऊ नाइस’ करत. तिकिटांशी आल्यावर हातातला चमचा थांबला. मग लेकीनं मिझुरी पेटवेची गोधडी दाखवली. 1942 ची. नवरा गेला, तर त्याचे शेतातले कामाचे कपडे उसवून तिनं लेकीला हाताशी घेऊन शिवली. गुडघ्यांवरचे विटलेले डाग तसेच दिसतात त्यात. अहो, सगळ्या गप्प झाल्या. आणि वहिनींचा चेहरा... पापड पाण्यात पडावा तसा! हळूच म्हणतात, ‘आमच्या गोधडीत मामंजींचं धोतर होतं आतून.’

पोहे तसेच टाकून उठल्या.

आज सकाळी दूधवाला सांगत होता, चौकात उभ्या होत्या म्हणे, हातात तो स्टीलचा डबा. येणाऱ्या-जाणाऱ्या बोहारणींना विचारत. मी काही बोलले नाही हं तुम्हाला! पण तुमच्या माळ्यावर ती आजेसासूबाईंची आहे ना, वाकळ? दुपारी येते मी. गाठोडं मी काढीन, तुम्ही स्टुलावर चढू नका त्या गुडघ्यानं.