टूर प्रोग्रॅम

एरिया सेल्स मॅनेजरचा दौरा महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर निघतो. कंपनी नीट चालणारी असेल तर तो पहिल्या आठवड्यातही निघू शकतो, पण त्याचे प्रवासवर्णन होत नाही. ढिसाळ कंपनीत पहिले काही दिवस टार्गेट ठरण्यात जातात, पुढचे ते बदलण्यात, आणि जे उरतात त्यांत ते गाठायचे असते. येथे विचारात घेतलेली कंपनी चॉकलेटचा थर दिलेली वेफर बिस्किटे बनवते. महिना मे. मार्ग पुणे, सोलापूर, तुळजापूर, लातूर.

विक्री दोन प्रकारची असते. कंपनी वितरकाला माल देते ती प्रायमरी, वितरक दुकानदाराला देतो ती सेकंडरी. तिसरी विक्री, म्हणजे कोणीतरी ते बिस्किट विकत घेऊन खाणे, हिला अहवालात रकाना नाही. टार्गेट प्रायमरीचे असते, त्यामुळे माल भिवंडीच्या गोदामातून निघून वितरकाच्या गोदामात शिरला की कंपनीच्या दृष्टीने तो खाल्ला गेला.

वाहन म्हणून मॅनेजरला कार मंजूर असते, मात्र ती मंजुरीच्या अवस्थेतच असते. तोवर एसटी, तीही साधी. शिवशाहीचे भाडे नियमात बसत नाही, कारण नियम केला तेव्हा शिवशाही नव्हती.

पुणे-सोलापूर रस्त्यावर पहिला महत्त्वाचा टप्पा भिगवण. बाकीचे प्रवासी येथे उजनीच्या पाण्यातल्या माशांचे जेवण घेतात. मॅनेजर हजेरी लावतो. हजेरीचे अ‍ॅप वितरकाच्या गोदामाजवळ उभे राहिल्याशिवाय ती घेत नाही, आणि कोणा उत्साही प्रशिक्षणार्थीने इंदापूरच्या वितरकाचे गोदाम नकाशावर धरणाच्या फुगवट्यात नोंदवून ठेवलेले असते. दुरुस्तीचा अर्ज मुख्य कार्यालयात आहे. पळसदेवचे पाण्याखाली गेलेले जुने मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडते, तेव्हा निदान मे महिन्यात तरी हजेरीला अडचण येऊ नये, असे कार्यालयाचे मत दिसते.

सोलापूर हा दौऱ्याचा गाभा. नवी पेठ, मधला मारुती या भागांत दुकाने खच्चून भरलेली, गिऱ्हाईक चोखंदळ आणि पारा चाळिशीच्या वर. चॉकलेटमधले कोकोचे लोणी चौतीस अंशांच्या आसपास वितळते. ही गोष्ट कंपनीच्या प्रयोगशाळेला ठाऊक असते, वाहतूक विभागाला नसते. माल ताडपत्रीच्या ट्रकमधून येतो, दिवसा पातळ होतो, रात्री पुन्हा घट्ट. असे दोनचारदा झाले की स्निग्धांश वर येऊन थर पांढरा पडतो. तो खाल्ल्याने काही बिघडत नाही, पण गिऱ्हाईक त्याला बुरशी म्हणते आणि दुकानदार पुडा परत करतो. डॅमेजच्या नियमानुसार भरपाई फाटक्या पुड्याचीच मिळते. पुडा शाबूत आहे, आतली बिस्किटे मात्र एकमेकांना चिकटून त्यांचे एकच बिस्किट झाले आहे, या प्रकाराला नियमांत नाव नाही.

वितरकाकडचे संभाषण सगळीकडे सारखेच चालते.

“मालक, या महिन्यात फक्त पन्नास पेट्या.”

“आधी चहा घ्या साहेब. मग दिवाळीच्या क्लेमचं तेवढं बघा की.”

दिवाळीत दहा पेट्यांवर एक मोफत अशी स्कीम होती. वितरकाने ती मोफत पेटी स्वतःच्या खिशातून दुकानदारांना दिली आणि कंपनीकडे मागणी पाठवली. विक्री विभागाने ती हिशेब विभागाकडे धाडली. स्कीम विदर्भापुरती होती, असे हिशेब विभागाला फेब्रुवारीत आढळले. क्रेडिट नोटवर जीएसटीची वजावट घ्यायची तर कायदा आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत सवड देतो. कायद्याने एवढी दिली आहे तर ती वाया का घालवावी, अशी कंपनीची धारणा असते.

यातले कोणतेही वचन समोर बसलेल्या मॅनेजरने दिलेले नसते. ते आधीच्या साहेबांचे, आणि काही त्यांच्याही आधीच्यांचे. वितरकाच्या गल्ल्यात या सगळ्यांची व्हिजिटिंग कार्डे रबर लावून ठेवलेली असतात. साहेब बदलतात, कंपनीचा लोगोही एकदा बदलतो, वितरक तोच राहतो. म्हणून नव्या मॅनेजरचे खरे काम माल विकण्याचे नसून जुन्या शब्दांवर नवी तारीख घालण्याचे असते. तो पुढच्या पंधरवड्याची तारीख देतो. वितरक, शेवटी ओळख म्हणून, पंचवीस पेट्यांचा चेक फाडतो. बिल ३१ तारखेला फाटते, ट्रक पुढच्या महिन्यात येतो, आणि टार्गेट गाठल्याबद्दल मुख्य कार्यालयातला कोणीतरी ग्रुपवर टाळ्या वाजवतो.

तुळजापूर वाटेवरच, सोलापूरपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर. येथे विक्रीचा काळ नवरात्र ते कोजागरी. कोजागरीला सोलापूरहून भाविकांचे लोंढे पायी येतात. कंपनीने नवरात्रासाठी खास धमाका स्कीम काढलेली असते, तीही अंडे घातलेल्या केकवर. उपवासाच्या नऊ दिवसांत तो केक कोणी घेतला नाही, याचे स्पष्टीकरण मॅनेजरकडे अजून लेखी मागितले जाते. इथे थांबण्यासारखे दुसरे काम नसते, तेव्हा तो दर्शन घेऊन पुढे निघतो.

लातूरची बाजारपेठ गंजगोलाईभोवती आहे. मधे जगदंबेचे मंदिर, सभोवार गोल बाजार आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. अशा ठिकाणी दुकानांची यादी करायला पायी फिरावे लागते. मुख्य कार्यालयाने ती पुण्यात बसून एक्सेलमध्ये केलेली असते. एक्सेलमध्ये गोल काढता येतो, पण यादी सरळच उतरते. त्यामुळे जे दुकान एका रस्त्याच्या शेवटी येते तेच शेजारच्या रस्त्याच्या सुरुवातीलाही येते, आणि सेल्समन त्याला दोन्ही बीटांत भेटून दोन कॉल लिहितो. दुकानदाराची हरकत नसते. दुसऱ्या खेपेला तो फक्त चहा विचारत नाही. परिणामी लातुरात कंपनी जितकी दुकाने आहेत त्यांपेक्षा जास्त दुकानांत पोचलेली दिसते. रिव्ह्यू मीटिंगमध्ये याच शहराचे उदाहरण इतरांना दिले जाते.

परतल्यावर टीए बिल. प्रत्येक तिकीट कागदावर चिकटवून द्यायचे असते. कंडक्टरच्या मशीनमधून निघणाऱ्या तिकिटाची अक्षरे खिशातल्या घामाने आणि उन्हाने उडतात, आणि मेमध्ये दौरा संपेतो तिकीट पूर्ण कोरे होते. बिलासोबत अशा पांढऱ्या पट्ट्या जोडल्या जातात. लातूरचे तिकीट शेवटचे असल्याने तेवढे वाचता येते. हिशेब विभाग पांढऱ्या पट्ट्या मोजून मंजूर करतो आणि लातूरच्या तिकिटावर शेरा मारतो : शिवशाहीने प्रवास का केला, खुलासा करावा.