दोनदा टाकलेले आजोबा

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर व्हेरो बीच नावाचं गाव आहे. तिथल्या होल्मन स्टेडियममध्ये फेब्रुवारी-मार्चात हे आजोबा हटकून भेटत. एकटेदुकटे नव्हे, दर दोन रांगांमागे एक. डोक्यावर निळी टोपी, पण तिच्यावरचं अक्षर लॉस एंजलिसचं नव्हे, ब्रुकलिनचं. नाकाला उन्हाचं पांढरं मलम, मांडीवर स्कोअरची वही, कानामागे पेन्सिल आणि तोंडात तक्रार.

अमेरिकेत बेसबॉलचा मोसम एप्रिलच्या सुमारास सुरू होतो. त्याआधी सगळे संघ फ्लोरिडात नाहीतर अ‍ॅरिझोनात जाऊन महिना-दीड महिना सराव करतात आणि आपसात सामने खेळतात. त्या निकालांना काडीची किंमत नसते. नामांकित खेळाडू दोन-तीन इनिंग्ज खेळून गोल्फला पळतात आणि त्यांच्या जागी पाठीवर ९२ वगैरे नंबर मिरवणारी पोरं उतरतात. बाकीचे प्रेक्षक बिअर पीत ऊन खात असतात. आजोबा मात्र त्या ९२ नंबरचाही प्रत्येक चेंडू टिपून ठेवतात आणि समासात भविष्य लिहितात : ‘याचं काही होणार नाही.’ पोराचं पुढे काही झालंच, तर समास खोडता येतो. पेन न वापरण्याचं कारण तेच.

आजोबा मूळचे न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे. डॉजर्स हा संघही तिथलाच. १९५५ साली त्याने पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि दोनच वर्षांनी मालक वॉल्टर ओ’मॅली यांनी तो उचलून लॉस एंजलिसला न्यायचं ठरवलं. त्या दिवशी आजोबांनी शपथ घेतली, पुन्हा या संघाचं नाव काढायचं नाही. पण संघ सरावाला दरवर्षी व्हेरोलाच येत राहिला, तोही खंडाच्या दुसऱ्या टोकाहून. मग आजोबांनी शपथेला मुदत घातली. मार्चअखेरपर्यंत संघ आपला, एप्रिलपासून वैर पुन्हा चालू.

या जागेचा इतिहास सांगितल्याशिवाय ते पाहुण्याला सोडतच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात इथे नौदलाचा हवाई तळ होता. युद्ध संपल्यावर गावातले व्यावसायिक बड होल्मन यांनी डॉजर्सना बोलावलं आणि १९४८ मध्ये ‘डॉजरटाउन’ वसलं. फ्लोरिडात तेव्हा काळ्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात थारा नव्हता, पण इथल्या बराकींत जॅकी रॉबिन्सनसारखे काळे खेळाडू आणि गोरे खेळाडू एकाच आवारात राहत, जेवत. हे सांगताना आजोबांचा आवाज चढतो, आणि एवढी एक बढाई मला पूर्ण मान्य आहे. पुढे आवारातल्या रस्त्यांना खेळाडूंची नावं दिली गेली, दिव्यांचे गोळे बेसबॉलसारखे रंगवले गेले. डगआउटला छप्पर नव्हतं, त्यामुळे बाकावर बसलेल्या खेळाडूला हात लांबवून सल्ला देता येई. आजोबांनी तो कधी राखून ठेवला नाही. ओ’मॅलींनी बायकोसाठी इथे बदामाच्या आकाराचं तळं खोदून घेतलं होतं. “बायकोसाठी तळं खोदणारा माणूस अगदीच वाईट नसावा,” असं एकदा तोंडून निसटलं, की आजोबा पुढचा तासभर ती चूक निस्तरत बसतात.

सगळ्यात लाडकी गोष्ट डॉजर्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सँडी कोफॅक्स याची. जोर अफाट, पण चेंडू भलतीकडे. १९६१ च्या एका सराव सामन्यात कॅचर नॉर्म शेरीने त्याला सांगितलं, “जरा जोर कमी कर.” त्यानंतर तो बेसबॉलमधला थोर पिचर झाला. आजोबा शपथेवर सांगतात, “मी तिथे होतो.” तो सामना व्हेरोला नव्हे, ऑर्लँडोला झाला होता आणि दुय्यम संघाचा होता. पाहिला म्हणणारे सगळे खरंच आले असते, तर उभं राहायला जागा उरली नसती.

मग दुसरं जाणं. २००८ साली संघाने व्हेरो सोडलं. कारणं सरळ होती. चाहते कॅलिफोर्नियात, अ‍ॅरिझोना शेजारी, आणि तिथल्या ग्लेंडेल शहरात नवंकोरं संकुल उभं राहत होतं. आजोबांना कारणं पटली, आणि राग दुप्पट झाला. न पटणाऱ्या कारणाशी निदान भांडता येतं.

शेवटचा सामना १७ मार्चला ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजशी. मॅनेजर जो टोरी अर्धा संघ घेऊन बीजिंगला प्रदर्शनी सामने खेळायला गेले होते. मागे उरलेल्यांना सांभाळायला ऐंशी वर्षांचे जुने मॅनेजर टॉमी लासोर्डा उभे. “घर मोडतंय आणि अर्धी माणसं चीनला!” आजोबा गरजले. डॉजर्स १२-१० असे हरले. इतकी वर्षं सराव सामन्याची धाव न धाव जपणारे आजोबा त्या दिवशी प्रथमच म्हणाले, “सराव सामना होता हो. त्याचं काय एवढं!”

२००९ पासून डॉजर्स ग्लेंडेलला सराव करतात. मैदान उत्तम, सोयी भरपूर, लॉस एंजलिसहून लोक मोटारीनेही येतात. आजोबांची एकच हरकत आहे : तिथल्या कोरड्या हवेत कर्व्ह बॉल नीट वळत नाही. आणि हे मात्र खरं आहे, पिचरही तीच तक्रार करतात.